साखळीची वही आणि सात-बाराची नोंद

१

वित्तसंस्थांनी ब्लॉकचेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या हिशेबपद्धतीचा अंगीकार कोठवर व कोणत्या रीतीने करावा, या प्रश्नाची चर्चा गेली दहा वर्षे चालू आहे. या चर्चेत एक दोष वारंवार आढळतो. पुरस्कर्ता प्रथम तंत्राचे गुण वर्णन करतो, मग ते कोठे कोठे लावता येईल त्याची यादी देतो. संस्थेच्या कारभारात नेमके बिघडले आहे काय, हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. औषधाची पुडी हाती घेऊन रोगी शोधत हिंडावे, तसा हा प्रकार होय. प्रस्तुत लेखात हा क्रम उलटा करून पाहिला आहे. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांत पीककर्जाची नोंद कशी जन्माला येते, ती किती वह्यांतून फिरते आणि कोठे अडते, हे आधी पाहावयाचे. आणि त्यानंतर या नव्या वहीने त्यांतील कोणता दोष दूर होण्याजोगा आहे याची चिकित्सा करावयाची, असा त्याचा हेतू आहे.

भोर आणि वेल्हे (या दुसऱ्या तालुक्यास आता राजगड असे नाव मिळाले आहे) हा मुलूख सह्याद्रीच्या पूर्व अंगास पसरलेला आहे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या अरुंद खोऱ्यांत भात हे मुख्य पीक. वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव अशा धरणांच्या जलाशयांनी खोऱ्यांतील सुपीक जमिनीचा मोठा भाग व्यापला. उरलेली जमीन थोडी, आणि तीही पिढ्यान् पिढ्यांच्या वाटण्यांनी तुकड्यातुकड्यांत विभागलेली. कसणारा गावी, भाऊबंद पुण्या-मुंबईस, आणि खाते मात्र अद्याप आजोबांच्या नावे किंवा चार-पाच भावांच्या सामाईक नावे, ही येथील परिचित स्थिती होय. पुणे शहर जवळ सरकत आल्यामुळे जमिनीच्या खरेदी-विक्रीसही उधाण आले आहे. अशा मुलखात कागदावरील एखाद्या ओळीने घराचे बरेवाईट ठरते. म्हणूनच नोंद ठेवण्याची नवी पद्धती येऊ घातली असता तिची परीक्षा येथे करणे उचित ठरेल.

२

या भागातील शेतकऱ्यास पीककर्ज बहुतांशी सहकारी मार्गाने मिळते. गावपातळीवर विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, तिच्या वर १९१७ साली स्थापन झालेली पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, आणि सर्वांच्या शिरोभागी १९११ साली उदयास आलेली राज्य सहकारी बँक, अशी ही तीन मजली रचना आहे. सभासदाने अर्ज केला म्हणजे सोसायटीचा सचिव कर्ज मर्यादा पत्रक तयार करतो. कोणत्या पिकास एकरी किती कर्ज द्यावयाचे, हे जिल्हा पातळीवरील तांत्रिक समितीने ठरविलेल्या दरानुसार निश्चित होते. सोसायटीची पंचकमिटी शिफारस करते, बँकेचा तपासणीस पत्रक तपासतो, बँक मंजुरी देते आणि रक्कम सभासदाच्या बचत खात्यावर जमा होते.

येथवर दोन वह्या झाल्या. तिसरी वही महसूल खात्याची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे कर्जदार सभासद आपल्या जमिनीवर संस्थेच्या बाजूने भार निर्माण करणारे घोषणापत्र करून देतो. त्या घोषणापत्रावरून तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतो. हितसंबंधितांस नोटीस निघते. हरकतीची मुदत जाते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि सात-बाराच्या इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा चढतो. कर्ज फिटल्यावर हाच प्रवास उलट दिशेने करावा लागतो. सोसायटीने बेबाकीचा दाखला द्यावयाचा, तो महसूल खात्याकडे पोचावयाचा, पुन्हा फेरफार, पुन्हा प्रमाणन, आणि मग बोजा कमी.

या मार्गावर नोंद तीन निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यातील तीन निरनिराळ्या वह्यांत राहते आणि एका वहीतून दुसऱ्या वहीत जाताना ती प्रत्येक वेळी कोणीतरी नव्याने लिहितो. अशा व्यवस्थेत कर्ज फिटून वर्षे लोटली तरी बोजा सात-बारावर तसाच राहिल्याची उदाहरणे कोणत्याही तालुक्यात आढळावीत, यात नवल नाही. बोजा दिसत असता दुसरी बँक कर्ज देत नाही, आणि खरेदीदार किंमत पाडून मागतो. सोसायटी म्हणते, दाखला दिला. तलाठी कार्यालय म्हणते, पोचला नाही. आणि दोघांच्या मध्ये खेपा घालण्याचे काम ज्याचा अपराध नाही त्या शेतकऱ्याच्या वाट्यास येते. पीककर्जाच्या व्यवस्थेतील व्यथा कोठे आहे, हे या एका प्रसंगावरून ध्यानात येईल.

संगणकीकरणाने या व्यथेवर काही इलाज झाला, हे नाकारता येणार नाही. ई-फेरफार आणि डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा आता सार्वत्रिक झाला आहे. ई-हक्क प्रणालीवरून बोजा चढविण्या-उतरविण्याचे अर्ज घरबसल्या करता येतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. तथापि संगणकात गेलेल्या तीन वह्या म्हणजे एक वही नव्हे. सांधा पूर्वीचाच, तो आता कागदाऐवजी पडद्यावर दिसतो, एवढाच फरक.

३

आता ब्लॉकचेनच्या स्वरूपाकडे वळावयाचे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनविषयक निबंधातून ही कल्पना जगापुढे आली. तिचे मर्म थोडक्यात असे. व्यवहारांच्या नोंदींचे गट्ठे बांधावयाचे. प्रत्येक गट्ठ्यातील मजकुरावरून गणिती रीतीने एक ठरावीक लांबीची मुद्रा काढावयाची, तिला हॅश म्हणतात. आणि ही मुद्रा पुढील गट्ठ्याच्या आरंभी लिहावयाची. मागील गट्ठ्यातील एखादे अक्षर कोणी बदलले तरी त्याची मुद्रा बदलते, आणि पुढील सर्व गट्ठ्यांशी तिचा मेळ बसेनासा होतो. ही वही एकाच ठिकाणी न ठेवता तिच्या प्रती अनेक सहभागी ठेवतात, आणि नवा गट्ठा सर्वांनी ठरविलेल्या नियमाने मान्य झाल्यावाचून जोडला जात नाही. बिटकॉइनच्या वहीत कोणासही भाग घेता येतो; बँकांना हवी असते ती मर्यादित, म्हणजे ओळख पटलेल्या संस्थांनीच चालवावयाची वही.

या कल्पनेचा बीजभाग या मुलखास अपरिचित नाही. अनेक बंद एकास एक डकवून केलेल्या जुन्या कागदांच्या सांध्यांवर शिक्के उमटवीत, ते मधला बंद कोणास बदलता येऊ नये म्हणून. पत्राच्या शेवटी मर्यादेचा शिक्का करीत, त्याचाही हेतू मजकुरात मागाहून भर पडू नये हाच. ज्या सचिवपदावरून भोर संस्थानचा वंश पंतसचिव म्हणविला जाऊ लागला, त्या पदाचे अष्टप्रधानांतील कामच मुळी राजपत्रे तपासून त्यांतील अधिकउणे शुद्ध करण्याचे व महालांच्या हिशेबांवर नजर ठेवण्याचे होते. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत हे पद शंकराजी नारायण यांजकडे आले, आणि त्यांच्या वंशाचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत टिकले. रोहिडखोरे व हिरडस मावळ या परिसरातील वतनांचे तंटे गोतसभेपुढे येत, आणि निवाड्याच्या महजरावर देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत अनेकांच्या साक्षी व आपापल्या धंद्याच्या निशाण्या पडत. शिक्का मजकुराचे रक्षण करी. मजकूर खरा आहे की नाही, हे मात्र माहीतगार माणसांच्या साक्षीने ठरे. ही दोन कार्ये जुन्या व्यवस्थेने वेगळी ठेवली होती. नव्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांकडून नेमका याच ठिकाणी घोटाळा होतो. अबाधित राहिलेली नोंद ती खरी नोंद, असे ते गृहीत धरून चालतात.

४

या गृहीताची परीक्षा अलीकडील घटनांवरून करता येते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध घातले. एका बांधकाम उद्योगसमूहास दिलेली कर्जे झाकण्यासाठी या बँकेत २१,०४९ बनावट खाती दाखविली गेल्याचे उघडकीस आले. येथे कोणी बाहेरून येऊन वही फाडली नव्हती. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनीच प्रथमपासून खोटे लिहिले. बँकेच्या वहीच्या जागी साखळीची वही असती, तरी ती २१,०४९ खाती तिने तितक्याच निष्ठेने जतन केली असती.

२०१८ च्या आरंभी उघड झालेले पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबई शाखेचे प्रकरण याहून निराळे आहे. तेथे परदेशी बँकांना हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट यंत्रणेतून जात होते, पण त्यांची नोंद बँकेच्या मूळ हिशेब-प्रणालीत होत नव्हती. १३,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा हा अपहार होता. दोन यंत्रणांतील सांधा उघडा राहिला, हा यातील दोष. हमीपत्र देणारी व त्यावर पैसे देणारी अशा दोन्ही बँका एकाच सामाईक वहीवर असत्या, तर तो लवकर दिसून येण्याचा संभव होता. तथापि याच दोषावर एरवीचाही उपाय होता: दोन्ही प्रणाली एकमेकींस जोडणे. प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने बँकांकडून तेच करून घेतले.

कृषिकर्जाच्या क्षेत्रातील पुरावा याहून बोलका आहे. २००८ सालच्या कर्जमाफीची तपासणी करून भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ साली संसदेपुढे अहवाल ठेवला. तपासलेल्या ९०,५७६ प्रकरणांपैकी २०,२०६ प्रकरणांत, म्हणजे शेकडा २२ हून अधिक ठिकाणी, चुका व त्रुटी आढळल्या. अपात्र खातेदारांस लाभ मिळाला होता, आणि पात्र असलेल्यांची नावे गळाली होती. अभिलेखांत खाडाखोड व फेरबदल केल्याचे सकृद्दर्शनी दिसले ती प्रकरणे होती २,८२४. लिहिल्यानंतर अक्षर बदलण्याचा अपराध गंभीर आहे, आणि साखळीची वही त्यास निश्चित आळा घालील. परंतु त्याचे प्रमाण मूळ नोंदीतील व पात्रतेच्या निर्णयातील दोषांच्या मानाने बरेच अल्प दिसते. मोठे दुखणे लेखणी टेकण्यापूर्वीचे आहे, आणि तेथे या तंत्राचा हात पोचत नाही.

महाराष्ट्राने २०१७ साली जाहीर केलेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचा अनुभवही हेच सांगतो. शेतकऱ्यांनी संगणकावर भरलेले अर्ज व बँकांनी पुरविलेल्या याद्या यांचा मेळ घालण्यात फार काळ गेला. नावाचे एखादे अक्षर, आधार क्रमांकातील एखादा आकडा, खात्यावरील मृत वडिलांचे नाव यांनी माणसे अडून राहिली. येथे अविश्वासाचा प्रश्न नव्हता. एकाच माणसाची दोन वह्यांत दोन वर्णने होती, एवढेच.

५

मग प्रस्थापित वित्तसंस्थांनी या तंत्राकडे पाठ फिरवावी काय? तसे म्हणणेही एकांगी होईल. हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान विकास व संशोधन संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत व्यापार-अर्थपुरवठ्यातील प्रयोगाचे विवेचन करून या तंत्राच्या अंगीकारास काळ अनुकूल असल्याचा निर्वाळा दिला होता. त्यानंतरच्या अनुभवाची छाननी केली असता यश कोठे आले व अपयश कोठे, यात काही सुसंगती आढळते.

लघुउद्योगांची देयके वटविणाऱ्या आरएक्सआयएल, ए-ट्रेड्स व एम-वन-एक्सचेंज या तीन भारतीय मंचांनी २०१८ पासून एक सामाईक साखळी वापरण्यास आरंभ केला. एकच देयक दोन ठिकाणी दाखवून दुप्पट उचल करण्याचा प्रकार रोखणे, हा तिचा हेतू. हे तिन्ही मंच एकमेकांचे प्रतिस्पर्धी. आपल्या ग्राहकांची माहिती दुसऱ्यास दाखविण्यास कोणी तयार नाही, पण एकाच धोक्याचे भय तिघांसही आहे. देयकाची मुद्रा तेवढी सामाईक वहीत ठेवली म्हणजे मजकूर गुप्त राहतो व दुबार कर्ज उघडे पडते. तंत्र व गरज यांची सांगड येथे बरोबर बसली.

महाराष्ट्रातही शेतमाल तारणाच्या क्षेत्रात असा प्रयोग झाला आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या राज्य वखार महामंडळाच्या पावत्या साखळीवर नोंदवून त्यांच्या आधारे राज्य सहकारी बँकेने शेतकऱ्यांस कर्ज द्यावे, अशी ही योजना. माल वखारीत प्रत्यक्ष तोलून घेतला जातो, पावती देणारा व कर्ज देणारा निरनिराळे असतात, आणि एका पावतीवर दोनदा कर्ज निघण्याची भीती खरी असते. यास्तव योजनेची मांडणी तर्कास धरून आहे. मात्र भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने तिचा उपयोग मर्यादित आहे. ज्याचे भात घरच्या कणगीतून घरच्या ताटात जाते, त्याच्यापाशी वखारीत ठेवण्यास उरतेच किती?

याच्या उलट अपयशाची उदाहरणे पाहावीत. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली जुनी हिशेबपूर्तीची यंत्रणा काढून तिच्या जागी साखळीची पद्धती आणण्याचे डिसेंबर २०१७ मध्ये ठरविले. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, हे काम थांबले आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बुडीत धरावे लागले. त्या बाजाराचे हिशेब पूर्वीपासून एकाच मान्य संस्थेच्या हाती होते. जेथे सर्वांचा विश्वास असलेला एक मध्यस्थ आहे, तेथे मध्यस्थावाचून चालणारी वही कशासाठी, या प्रश्नास समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मर्स्क व आयबीएम यांनी २०१८ साली सुरू केलेली ट्रेडलेन्स ही जहाजवाहतुकीची साखळीही २०२२ च्या अखेरीस बंद करण्याचे जाहीर झाले. जिची सूत्रे एका मोठ्या व्यापाऱ्याच्या हाती आहेत, त्या वहीत इतर व्यापारी आपण होऊन सामील होत नाहीत, हा त्यातील बोध.

यावरून एक कसोटी हाती लागते. एकाच संस्थेच्या घरातील हिशेबास या वहीची गरज नाही. संस्था अनेक असाव्यात, त्यांपैकी कोणाही एकीस वहीची एकमेव मालकी देणे इतरांस मान्य नसावे, आणि एका सामाईक गोष्टीबद्दल सर्वांस खात्री हवी असावी. हे तीन योग जुळतील तेथेच ती सार्थ ठरते.

६

ही कसोटी भोर-वेल्ह्याच्या पीककर्जास लावून पाहावी. सोसायटीचे सभासद-खाते व बँकेचे कर्ज-खाते एका प्रणालीत आणण्यास साखळीची गरज नाही. सोसायट्यांचे संगणकीकरण नीट पार पडले तर तेवढे पुरे आहे. जमिनीचा अभिलेख शासनाचाच असावयाचा. त्याची मालकी वाटून देण्याचा प्रश्न नाही. कर्ज देण्यापूर्वी जमिनीची माहिती बँकेस पाहता यावी यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने ऑगस्ट २०२३ पासून सुरू केलेला कर्जपुरवठ्याचा सामाईक मंच साध्या संगणकीय जोडणीनेच राज्यांच्या भूमिअभिलेखांपर्यंत पोचतो. एवढे वजा केल्यावर उरतो तो सांधा: सोसायटीने काय पाठविले, महसूल खात्यास काय मिळाले आणि केव्हा.

या सांध्याची वही आज कोणापाशीही नाही. सोसायटीची जावक तिच्या ताब्यात, कार्यालयाची आवक त्याच्या ताब्यात, आणि दोहोंत तफावत आली म्हणजे निवाडा करण्यास तिसरा साक्षीदार नाही. घोषणापत्र झाले, बोजा चढला, कर्ज फिटले, दाखला निघाला, बोजा उतरला, या पाच घटनांच्या मुद्रा वेळेसह सामाईक साखळीत पडल्या आणि तिच्या प्रती जिल्हा बँक, महसूल खाते व तालुक्यात कर्ज देणाऱ्या इतर बँका या सर्वांकडे राहिल्या, तर दाखला कोठे व किती दिवस अडला हे कोणासही नाकारता येणार नाही. साखळी जमिनीच्या मालकीची साक्ष देऊ शकत नाही, कर्जदाराच्या पात्रतेची देऊ शकत नाही. पण एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या कागदाची व मध्ये झालेल्या विलंबाची साक्ष ती उत्तम देऊ शकते. गरीब खातेदाराचे नुकसान बहुधा याच विलंबाने होते, हे लक्षात घेता ही सेवा लहान म्हणता येणार नाही.

मात्र त्यास काही अटी घालणे अवश्य आहे.

पहिली अट दुरुस्तीची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. विरुद्ध सिद्ध करण्याचे द्वार कायद्याने उघडे ठेवले आहे, आणि लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ दिले आहे. साखळीतील नोंद बदलता येत नाही, या गुणाचा अर्थ तिच्याविरुद्ध बोलता येत नाही असा कोणी लावू लागला, तर हे द्वार व्यवहारात बंद होईल. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला; तरीही वारसनोंदीत बहिणींची नावे गळणे थांबलेले नाही. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतील विधवेचे किंवा सासरी गेलेल्या लेकीचे नाव ज्या नोंदीत नाही, ती नोंद अढळ करणे म्हणजे अन्याय अढळ करणे होय. सुदैवाने उपाय परंपरेतच आहे. फेरफाराच्या पद्धतीत जुनी नोंद खोडत नाहीत; तिला कंस करतात आणि नव्या फेरफाराच्या क्रमांकाने नवी नोंद घेतात. साखळीतही दुरुस्ती याच रीतीने, मागील नोंदीचा निर्देश करणाऱ्या नव्या नोंदीने, व्हावी. आणि ती कोणाच्या आदेशाने झाली हे तिच्यातच असावे.

दुसरी अट उत्तरदायित्वाची. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात संगणकीय अभिलेखासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश नमूद करण्याची तरतूद आहे; पण त्याखाली माणसाची सहीही लागते. मुद्रेने अभिलेखाची ओळख पटते, सहीने त्याची जबाबदारी ठरते, हा विवेक कायद्याने राखला आहे. बँकांनीही तो राखावा. नोंद यंत्राने घेतली, हे उत्तर कोणत्याही सचिवास किंवा शाखाधिकाऱ्यास देता येऊ नये.

तिसरी अट गोपनीयतेची. कर्जदाराचे नाव, आधार क्रमांक किंवा थकबाकीची रक्कम साखळीत कदापि लिहू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्या माहितीची दुरुस्ती व प्रसंगी ती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क नागरिकास दिला आहे. पुसताच न येणाऱ्या वहीत ती माहिती लिहिणे हे या हक्काशी विसंगत ठरेल. साखळीत मुद्रा, आणि मजकूर ज्याच्या त्याच्या वहीत, हीच योग्य विभागणी होय.

चौथी अट सर्वांत साधी, परंतु यंत्रणा उभारणाऱ्यांच्या ध्यानातून सहज निसटणारी आहे. या वहीची एक वाचता येण्याजोगी प्रत खातेदाराच्या हाती हवी. बँक व कार्यालय यांच्यातील घटनांचा तारीखवार उतारा, मराठीत, कागदावर, सोसायटीच्या कचेरीत मागता क्षणी मिळाला पाहिजे. डोंगरातील ज्या वाडीत भ्रमणध्वनीचा संदेशही धड पोचत नाही, तेथील वृद्ध खातेदारास संकेतस्थळाचा पत्ता सांगणे ही थट्टा ठरेल. जी साक्ष ज्याच्यासाठी आहे त्यालाच वाचता येत नाही, ती साक्ष बलवानांच्याच कामी येते.

७

साखळीच्या वहीत गुण आहेत, परंतु ते तिच्या प्रशस्तीत सांगितले जातात त्याहून संकुचित व अधिक नेमके आहेत. ती असत्यास सत्य करीत नाही. आळशी कारकुनास उद्योगी करीत नाही. वाटणी न झालेल्या खात्याची वाटणी करीत नाही. प्रस्थापित बँकांनी आपला सर्व हिशेब तिच्यावर नेण्याचा हव्यास धरला, तर ऑस्ट्रेलियातील अनुभवाची पुनरावृत्ती होण्याचा संभव अधिक. दोन संस्थांच्या दरम्यान ज्या जागेची वही आजवर कोणीच ठेवली नाही, त्या जागेपुरती तिची योजना केली, तर मात्र ती उपकारक होईल. भोर किंवा वेल्हे तालुक्यातील थोड्या सोसायट्यांत, केवळ बोजा चढविण्या-उतरविण्याच्या कामापुरता असा प्रयोग करून पाहणे जिल्हा बँकेस व महसूल खात्यास अशक्य नाही. त्या प्रयोगाचे यश किती गट्ठे जोडले गेले यावरून मोजू नये. कर्ज फेडलेल्या शेतकऱ्याचा सात-बारा किती दिवसांत कोरा झाला आणि त्यासाठी त्यास तालुक्याच्या गावी किती खेपा घालाव्या लागल्या, हेच त्याचे खरे माप होय.